समेवर कोण आणतं?

शाळेच्या मैदानावरचं राष्ट्रगीत आठवा. पुढच्या रांगा ओळीच्या शेवटाला पोचलेल्या असतात आणि मागच्या रांगा अजून दोन शब्द मागे असतात. समोर बाई हात हलवून ताल देत असतात, तरी मैदानाच्या दोन टोकांना दोन वेगवेगळी गाणी चालल्यासारखं वाटतं.

आता दुसरं चित्र डोळ्यांपुढे आणा. कोलकात्यातली थंडीतली एक संध्याकाळ. तिथे मैफलींचा हंगाम हाच. रंगमंचावर अठरा तरुण मुलंमुली अर्धवर्तुळात उभी आहेत. डावीकडे व्हायोलिनवाले, मध्ये व्हिओला (हे व्हायोलिनचं थोडं मोठं, जरा खालच्या आवाजाचं भावंड), उजवीकडे खुर्च्यांवर बसून गुडघ्यांमध्ये चेलो धरलेले वादक आणि मागे माणसाहून उंच डबल बास. त्यांच्यासमोरची चौथऱ्याची जागा रिकामी आहे. छडी घेतलेला संचालक नाही. कोणी ‘एक, दोन, तीन’ म्हणत नाही. क्षणभर सगळे स्तब्ध होतात आणि अठरा गज एकदम तारांना लागतात. सूर इतका एकजीव येतो की अठरा जणांनी तो वाजवला यावर विश्वास बसू नये.

हे होतं कसं? ‘सरावाने’ हे उत्तर खरं आहे, पण त्याने भूक भागत नाही. सराव करताना नेमकं काय शिकलं जातं, ते मला जाणून घ्यायचं होतं.

बेहालातली तारवाद्यं

कोलकात्यात पाश्चात्त्य तारवाद्यं साहेबांच्या क्लबातच अडकून राहिली असतील, असा आपला समज असतो. तो पुरता खरा नाही. ‘कलकत्ता स्कूल ऑफ म्युझिक’ १९१५ साली फिलिप सान्द्रे यांनी सुरू केलं आणि ती संस्था आजही शिकवते आहे. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो शहराच्या दक्षिणेकडच्या बेहालातला एक धागा. १८८० साली ऑक्सफर्डहून आलेल्या धर्मगुरूंनी ‘ऑक्सफर्ड मिशन’ स्थापन केलं. त्याच्या बेहालातल्या आवारात फादर थिओडोर मॅथिसन यांनी पुढे बंगाली मुलांच्या हाती व्हायोलिन आणि चेलो दिले. पियानो असलेल्या घरांतली ही मुलं नव्हती. गरीब घरांतली, गावाकडून आलेली, मिशनच्या आसऱ्याने वाढणारी मुलं होती. त्यांच्यातलेच अनुपकुमार बिस्वास पुढे लंडनला जाऊन नामवंत चेलोवादक झाले आणि १९९४ साली त्यांनी कोलकात्यात आपल्या गुरूंच्या नावाने मॅथिसन म्युझिक स्कूल काढलं. अब्राहम मजुमदार हे व्हायोलिनवादकही याच मिशनचे विद्यार्थी. त्यांनी कोलकाता म्युझिक अकॅडमी उभी केली आणि तिथल्या मुलांचा वाद्यवृंद घडवला.

एका आवारात वाढलेल्या, एकाच गुरूकडे शिकलेल्या मुलांचं वाजवणं आपोआप जुळत जातं, हे या शहराने अनुभवलेलं आहे. म्हणून संचालकाशिवाय वाजवणाऱ्या तरुण वृंदाची गोष्ट मला कोलकात्यात बसून सांगावीशी वाटते. अशा वृंदाला जे लागतं त्याची मुळं वाद्यशाळेच्या वर्गात असतात, मंचावर फक्त फळ दिसतं.

आणि फक्त तारवाद्यंच का? कारण व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास हे एकाच घराण्याचे. चौघांचीही तार घोड्याच्या शेपटीच्या केसांनी बांधलेल्या गजाने घासून वाजते. बासरी फुंकणाऱ्याच्या ओठांत काय चाललंय ते शेजाऱ्याला दिसत नाही. गज मात्र हातभर लांब असतो आणि तो कुठे आहे, किती वेगाने चाललाय, किती दाबलाय हे सगळं उघड्यावर दिसतं. वाजवण्याची क्रिया हीच खूणही ठरते. संचालकावाचून चालवायचं असेल तर याहून सोयीचं कुटुंब नाही.

छडी नंतर आली

संचालक नसणं ही नवी चूष वाटते. खरं तर छडीवाला संचालकच उशिरा आला. सतराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारात झां-बाप्तिस्त ल्युली जाड दांडा जमिनीवर आपटून ताल देत असे. १६८७ साली तो दांडा स्वतःच्याच पायावर बसला, जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. पण त्या काळी आणि नंतरची शंभरेक वर्षं बहुतेक वृंद पहिल्या व्हायोलिनवादकाच्या नाहीतर हार्पसिकॉर्ड वाजवणाऱ्याच्या इशाऱ्यावर चालत. तोही वाजवतच असे. मानेने, खांद्याने, गजाच्या टोकाने इशारा देई. विवाल्डीच्या ‘चार ऋतूं’साठी कोणी पाठमोरं उभं राहून हात हलवत नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात वृंद फुगले. वादक साठ झाले, ऐंशी झाले, पितळी वाद्यं वाढली, लय वारंवार बदलणाऱ्या रचना लिहिल्या जाऊ लागल्या. मग कोणीतरी सगळ्यांना दिसेल असं उभं राहणं भाग पडलं. मेंडेल्सोनने १८३५ पासून लाइपझिगमध्ये हे काम ज्या शिस्तीने केलं, त्यातून आजचा संचालक घडला.

छडी पुन्हा बाजूला ठेवण्याचा पहिला मोठा प्रयोग झाला १९२२ साली मॉस्कोत. क्रांती नुकतीच झालेली होती, मालकावाचून कारखाना चालू शकतो तर वाद्यवृंद का नाही, हा विचार त्यामागे होता. लेव त्सेइतलिन या व्हायोलिनवादकाच्या पुढाकाराने उभा राहिलेला ‘पेरसिम्फान्स’ हा मोठा वृंद वर्तुळात बसे, म्हणजे काहींची पाठ श्रोत्यांकडे होई, पण सगळ्यांना सगळे दिसत. दहा वर्षं तो चालला. त्यानंतर १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये चेलोवादक ज्युलियन फायफर यांनी ‘ऑर्फिअस’ सुरू केला, तो आजवर टिकून आहे. २००७ साली बॉस्टनच्या तरुण वादकांनी ‘अ फार क्राय’ हा निव्वळ तारवाद्यांचा वृंद काढला. चेलोवाले सोडून बाकीचे उभ्याने वाजवतात. उभं राहण्याला कारण आहे, त्याकडे येतोच.

पहिला सूर श्वासात असतो

पालखी उचलताना पाहिलंय? चौघे भोई खांदा लावतात. आकडे मोजत नाहीत. एक जण जरा खाली वाकतो, श्वास घेतो आणि बाकीच्या तिघांना कळतं, आता. पालखी चारही बाजूंनी एकदम उठते. त्या वाकण्यात दोन गोष्टी सांगितल्या जातात. कधी उचलायचं आणि किती जोरात उचलायचं.

वृंदातही तेच. त्या रचनेत जो पुढे असेल तो सुरुवातीच्या मात्रेच्या बरोबर एक मात्रा आधी नाकाने श्वास घेतो. शेजाऱ्याला ऐकू जाईल इतपत. त्याबरोबर त्याचा गज आणि खांदा किंचित वर उचलला जातो. हा श्वास जितका लांब तितकी लय संथ. श्वास झटक्यात घेतला तर सूर धारदार येणार, अलगद घेतला तर सूर धुक्यासारखा येणार. एका श्वासात वेळ, लय, जोर आणि भाव असा चौपदरी निरोप पोचतो. एक-दोन-तीन मोजून फक्त वेळ आणि लय सांगता आली असती.

पण निरोप मिळाल्यावर हात हलवला तर उशीर होईल. डोळ्याने पाहून हात हलवायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, आवाज ऐकून थोडा कमी. जलद रचनेत सेकंदाला आठ सूर असतात. पाहून मग वाजवणारा नेहमी एक सूर मागे राहणार. म्हणजे वादक पाहून वाजवत नसतात. ते पुढचं ओळखून वाजवत असतात. दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या मुली फिरत्या दोरीत शिरतात तेव्हा दोरी आली की शिरत नाहीत, दोरी येणार त्या क्षणी शिरतात. झेल घेणारा चेंडू हातात आल्यावर बोटं मिटत नाही. गजाचा वर जाणारा रस्ता नीट गोलाईचा असेल, तर तो कोणत्या क्षणी खाली येऊन तारेला टेकणार हे पाहणाऱ्याच्या अंगालाच आधी कळतं. गज अडखळत उचलला तर कोणालाच काही कळत नाही. नवख्या मुलांना पुढारपण देताना शिक्षक पहिल्यांदा हेच शिकवतात: उचल गुळगुळीत हवी.

आणि उभं का राहायचं, तेही इथे येतं. उभ्या माणसाचं सगळं अंग डोलू शकतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात संशोधकांनी चार-चार तारवाद्यवादकांवर एक प्रयोग केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक वेळी चौघांपैकी एकाला गुपचूप पुढारी नेमलं, इतरांना तो कोण ते ठाऊक नव्हतं. चौघांच्या अंगाचं डोलणं यंत्राने टिपलं. पुढाऱ्याच्या डोलण्यावरून इतरांचं पुढच्या क्षणाचं डोलणं जितकं ओळखता येत होतं, तितकं उलट बाजूने येत नव्हतं. वादक एकमेकांना दिसेनासे केले तेव्हा हा परिणाम घटला, पण नाहीसा झाला नाही. कानातूनही डोलणं पोचत होतं.

आवाज चालत येतो

राष्ट्रगीताच्या मैदानाकडे परत जाऊ. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हा वेग मोठा वाटतो, पण संगीताच्या हिशेबात तो बैलगाडीचा आहे. शंभर मीटर लांब पसरलेल्या दिंडीत पुढचा टाळ मागच्या टोकाला ऐकू जायला सेकंदाचे तीन दशांश लागतात. मिनिटाला १२० ठोके पडत असतील, तर दोन ठोक्यांमध्ये अर्धा सेकंदच असतो. मागचा वारकरी ऐकून टाळ वाजवेल तर निम्म्याहून जास्त मात्रा मागे पडेल. म्हणून मोठ्या दिंडीत माणसं शेजारच्या टाळकऱ्याशी जुळवतात, टोकाशी नाही. मैदानावरच्या मुलांना हे कोणी शिकवलेलं नसतं.

अठरा जणांचं अर्धवर्तुळ सहा-सात मीटर रुंद असतं. एका टोकाचा सूर दुसऱ्या टोकाला पोचायला सेकंदाच्या हजार भागांतले वीसच लागतात. कानाला तो उशीर म्हणून जाणवत नाही. ऐंशी जणांच्या वृंदाच्या दोन टोकांत वीस मीटर अंतर सहज पडतं, साठ हजारांश सेकंद होतात आणि तिथे कानावर भिस्त ठेवता येत नाही. संचालकाची छडी प्रकाशाने दिसते, प्रकाशाला वेळ लागत नाही. मोठ्या वृंदाला तिची गरज आहे ती यासाठी. संचालकावाचून वाजवणारे वृंद सहसा लहान का राहतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

डबल बासचं आणखी एक अवघड दुखणं. त्याची सर्वांत जाड तार सेकंदाला फक्त ४१ वेळा थरथरते. म्हणजे एका थरथरीलाच चोवीस हजारांश सेकंद लागतात आणि सूर नीट उमटायला अशा बऱ्याच थरथरी व्हाव्या लागतात. व्हायोलिनची सर्वांत खालची मोकळी तारसुद्धा सेकंदाला १९६ वेळा थरथरते, ती लगेच बोलते. सगळे एकाच क्षणी गज लावतील तर बास ऐकू यायला उशीर होईल. म्हणून चांगला बासवादक केसभर आधी सुरुवात करतो. तो इतरांच्या आधी वाजवतो, म्हणून सर्वांच्या बरोबर ऐकू येतो. मला ही गोष्ट पहिल्यांदा समजली तेव्हापासून मैफलीत माझी नजर आपोआप मागच्या त्या उंच वाद्याकडे जाते.

चूक सुधारायची, पण सगळी नाही

बोळातून समोरासमोर आलेली दोन माणसं आठवा. दोघेही सभ्य. हा डावीकडे सरकतो, तोही त्याच बाजूला सरकतो. मग दोघेही उलट बाजूला. दोघांनीही पूर्ण वाट द्यायचं ठरवल्यामुळे दोघेही अडकतात.

वाजवताना हीच अडचण दर सेकंदाला येते. माणूस यंत्र नाही, कोणाचाही सूर कणभर पुढे-मागे होतो. मी शेजाऱ्यापेक्षा दहा हजारांश सेकंद पुढे गेलो असं मला जाणवलं. पुढच्या सुराला मी दहा मागे आलो. पण त्यालाही जाणवलं होतं की तो दहा मागे आहे, तो दहा पुढे आला. आता आम्ही पुन्हा दहाच्याच अंतरावर, फक्त जागा बदललेल्या. अशाने लय झोके खात राहील. उलट, कोणीच काही सुधारलं नाही तर हळूहळू सगळे पांगतील. यातून वाट अशी की प्रत्येकाने अंतराचा थोडा हिस्साच भरून काढायचा आणि बाकीचा शेजाऱ्यावर सोडायचा.

ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठातले ॲलन विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली हे मोजून दाखवलं. दोन व्यावसायिक चौकड्यांना हायडनची एकच रचना पुन्हा पुन्हा वाजवायला दिली आणि कोण कोणाकडे किती झुकतो, ते सुरासुराला तपासलं. एका चौकडीत चौघेही जवळपास सारखेच झुकत होते. दुसरीत पहिली व्हायोलिन इतरांकडे कमी झुकत होती आणि इतर तिच्याकडे जास्त. दोन्ही चौकड्या उत्तम वाजवत होत्या. एकत्र राहण्याची एकच रीत नसते, हे आकड्यांत पाहून मला फार बरं वाटलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अचूक एकाच क्षणी वाजणं हे ध्येय नाही. डच संशोधक रुडॉल्फ राश यांनी १९७९ साली लहान वाद्यसमूहांचं वादन तपासलं, तेव्हा एकत्र वाजायच्या सुरांत तीस ते पन्नास हजारांश सेकंदांचा विस्कळितपणा आढळला. श्रोत्याला ते एकत्रच वाटतं. आणि हा विस्कळितपणा उपयोगीही आहे. आठ व्हायोलिनं अगदी एकच सूर अगदी एकाच क्षणी वाजवतील तर एक मोठ्या आवाजाचं व्हायोलिन ऐकू येईल. त्यांच्यातल्या सूक्ष्म फरकांमुळेच तो आवाज मखमली होतो. हिंदी चित्रपटगीतांच्या मधल्या जागांत जो व्हायोलिनचा गालिचा अंथरलेला आपण ऐकत आलो, त्याची ऊब हीच.

तानपुऱ्याचा कान

वेळ जुळली, आता सूर. व्हायोलिनवर पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर सरकतो. अठरा जणांच्या बोटांना कोण सांगणार?

आपल्याला याचं उत्तर तानपुरा लावताना मिळतं. जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाजात लहर येते, वाँव-वाँव-वाँव. एक तार सेकंदाला ४४० वेळा आणि दुसरी ४४२ वेळा थरथरत असेल तर ही लहर सेकंदाला दोनदा येते. तारा जवळ येत जातात तशी लहर संथ होते आणि नेमक्या जुळल्या की थांबते. वृंदातला वादक ही लहर ऐकत असतो. आणि त्याचा तानपुरा असतो चेलो-बास. वरच्या वाद्यांनी खालच्या सुरावर आपला सूर ठेवायचा, खालच्यांनी वरच्यांच्या मागे धावायचं नाही. भिंत रचताना पाया हलवत नाहीत, तसं. आपल्याकडे षड्जाशी सूर मिळवत वाढलेल्या मुलांचा कान या कामाला फार तयार असतो, असं माझं मत आहे.

पण कोलकात्याची हवा आड येते. पावसाळ्यात लाकूड दमट होऊन फुगतं, तारांचा सूर हलतो, गजाचे केस ओलसर होऊन सैल पडतात, सांध्यांचा सरस सुटतो. घरून जुळवून आणलेलं वाद्य सभागृहात पोचेपर्यंत बदललेलं असतं. वातानुकूलित मंचावर गेलं की उलट्या दिशेने पुन्हा बदलतं. म्हणून तालमीच्या सुरुवातीला जुळवण्यात जाणारी दहा मिनिटं फुकट गेली असं तिथे कोणी मानत नाही.

> चौकट: मैफलीला गेलात तर हे पाहा
>
> पहिल्या सुराआधी कोणाचा खांदा वर जातो? तोच त्या वेळचा पुढारी.
>
> एका गटाचे सगळे गज एकाच दिशेला चाललेत ना? गजाची खाली-वर दिशा कागदावर आधीच खुणेने लिहिलेली असते.
>
> चाल व्हायोलिनकडून चेलोकडे गेली की नजराही तिकडे जातात. पुढारपण हात बदलतं ते असं.
>
> लय मंदावते तिथे कोणी नोटेशनकडे पाहत नाही. ती जागा पाठ केलेली असते.
>
> रचना संपताना गज हवेत थांबतात. ते खाली येईपर्यंत टाळी वाजवू नका, शांतताही अजून वाजते आहे.

मग ठरवतं कोण?

मैफलीतलं काम असं वाटून घेता येतं. पण तालमीतलं? हा भाग किती जलद, इथे किती हळू, हा सूर आखूड की लांब, असे शेकडो निर्णय एरवी संचालक घरूनच घेऊन येतो. तो नसेल तर ते अठरा जणांनी घ्यायचे.

‘ऑर्फिअस’ने यावर काढलेला उपाय आज अनेकांनी उचलला आहे. दर रचनेला पुढारी बदलतो. त्या रचनेसाठी प्रत्येक वाद्यगटातून एकेक जण घेऊन छोटी समिती बनते. ती आधी बसून ढोबळ आराखडा ठरवते. मग सगळे जमतात आणि तो आराखडा वाजवून तपासतात. मधेच एखादा वादक उठून प्रेक्षागृहाच्या मागच्या रांगेत जाऊन बसतो, कारण मंचावरून एकूण आवाज कसा आहे ते कळत नाही. तो ओरडून सांगतो, ‘व्हिओला ऐकू येत नाहीत.’ पुढच्या वेळी दुसरा जातो.

यात वेळ भरपूर जातो, हे मान्य करायला हवं. संचालकाच्या हाताखाली दोन तालमींत जे होईल त्याला इथे बऱ्याच जास्त तालमी लागतात. वादविवाद होतात, मनं दुखावतात. शिवाय प्रत्येकाला फक्त आपला कागद पाहून भागत नाही, सगळ्यांचं काय चाललंय ते माहीत असावं लागतं. साठीचे, घरदार सांभाळणारे, तासावर पैसे घेणारे वादक हे क्वचितच करतील. विशीतली मुलं करतात. त्यांच्याकडे वेळ असतो, भांडून पुन्हा चहाला एकत्र जाण्याची ताकद असते आणि समोरच्याची मान कशी हलते ते वर्गात शेजारी बसल्यापासून ठाऊक असतं. तरुण वृंद आणि संचालक नसणं यांची जोडी जमते ती या कारणाने.

भांडण कसं मिटवायचं याची एक साधी रीत मला फार आवडते. दोन मतं असतील तर बोलत बसायचं नाही. दोन्ही वाजवायची. पहिलं मत मांडणाऱ्यानेही दुसरं मत मनापासून वाजवायचं. बहुतेक वेळा पाच मिनिटांत कान निकाल देतो.

पाच, सात, अकरा

मोझार्टच्या काळातल्या रचनांत मात्रा साधारण दोन-दोन किंवा तीन-तीनच्या असतात, पावलं टाकल्यासारख्या. विसाव्या शतकातल्या रचनांत त्या पाच, सात, अकरा अशा वाकड्या होतात, मधेच बदलतातही. बार्टोकने १९३९ सालच्या ऑगस्टमध्ये पंधराएक दिवसांत लिहिलेलं ‘दिव्हेर्तिमेंतो’ हे तारवाद्यांसाठीच आहे. त्यात ठेका सारखा जागा बदलतो. छडी नसताना हे मोजायचं म्हणजे प्रत्येकाच्या अंगात तेच चक्र फिरलं पाहिजे.

युरोपातल्या विद्यार्थ्याला सात मात्रा म्हणजे अपुरी आठ वाटते. आपल्या मुलाला सात म्हणजे रूपक: तीन, दोन, दोन. पाच म्हटलं की झपतालाचं अर्धं अंग. आणि कोलकात्यात तर रवींद्रनाथांनी स्वतः घडवलेले ताल शाळेतल्या गाण्यांतून मुलांच्या कानावर पडतात: झम्पक पाच मात्रांचा, तीन अधिक दोन; रूपकडा आठ मात्रांचा, तीन-दोन-तीन; एकादशी अकरा मात्रांचा. बंगाली मुलांनी बार्टोक वाजवायला घेतला तर त्यांना तो परका वाटायचं कारण नाही. ‘तीन-दोन-तीन’ त्यांच्या पायांत आधीपासून आहे. आपल्या वाद्यशाळांत पाश्चात्त्य वर्ग आणि तबल्याचा वर्ग यांच्यामधली भिंत पाडली, तर या मुलांचं मोजणं किती पक्कं होईल, असं मला राहून राहून वाटतं.

लयीची आणखी एक परीक्षा घेणारी रचना आहे एस्टोनियाच्या आर्वो पर्त यांची. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन १९७६ च्या डिसेंबरात गेले. त्यांच्या स्मरणार्थ पर्तनी १९७७ साली तारवाद्यं आणि एकच घंटा यांच्यासाठी ‘कांतुस’ लिहिलं. सगळी वाद्यं एकच उतरती सुरावट वाजवतात, पण वेगवेगळ्या लयीत. दुसऱ्या व्हायोलिनची गती पहिल्याच्या निम्मी, व्हिओलाची त्याच्या निम्मी, चेलोची त्याच्या निम्मी आणि बासची त्याच्याही निम्मी. म्हणजे ठाय, दुगुन, चौगुन, आठगुन आणि सोळागुन, पाचही लयी एकाच वेळी. बास एक पायरी उतरेपर्यंत पहिली व्हायोलिनं सोळा पायऱ्या उतरलेली असतात. वरून पाहिलं तर सगळे आपापल्या वाटेने चाललेले दिसतात, पण आतलं चक्र एकच असतं. ते चक्र सुटलं तर सावरायला समोर कोणी नाही.

शेवटी एकेक गट आपल्या अखेरच्या सुरावर येऊन थांबतो. आधी पहिली व्हायोलिनं, सर्वांत शेवटी बास. मग सगळे मिळून तो सूरसंच जोरात धरून ठेवतात. त्याच आवाजाच्या आड घंटेवर एक हलका टोला पडतो, तो कोणालाच ऐकू येत नाही. मग सगळ्यांनी एकाच क्षणी गज तारेवरून उचलायचे असतात. एकाचाही गज मागे रेंगाळला तर ती जागा गेली. उचलायच्या आधी अठरा जण एकदम श्वास घेतात. गज वर जातात, आवाज तुटतो आणि इतका वेळ झाकलेली घंटा सभागृहात ऐकू येऊ लागते.